पश्चिमेची भिंत

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजता, अजून कुणाच्या हातात चहाचा कपही आला नव्हता तेव्हा, एका बाईनं ऑफिसातल्या पहिल्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली आणि विचारलं, "माझ्या भिंतीची ओल कुठं गेली?"

पहिलं टेबल आत्यांचं होतं. ऑफिस चालवणारी त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. ती 'आत्या' म्हणायची म्हणून बाकीचेही म्हणू लागले, आणि आता टपाल घेऊन येणारा माणूससुद्धा म्हणायचा. आयुष्यभर आत्यांनी एका मोठ्या ग्रंथालयाची सूची सांभाळली होती. निवृत्त झाल्यावर घरी शांत बसायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तो बेत पंधरा दिवस टिकला आणि मग भाचीनं त्यांना इथं आणून बसवलं.

इथं म्हणजे 'घर एका पानावर' नावाच्या, फोनवर चालणाऱ्या साधनाच्या कचेरीत. बोलताना सगळे त्याला नुसतं 'पान' म्हणत. पूर्वी घर घ्यायचं तर माणसाला चपला झिजवाव्या लागत. घर कुणाच्या नावावर ते एका कचेरीत, बांधकामाला परवानगी होती का ते दुसरीत, भांडण कोर्टात आहे का ते तिसरीत, पाणी कधी येतं ते चौथीत, आणि भिंतीला ओल येते का हे कुठंच नाही. भाचीनं स्वतःच्या पहिल्या घरासाठी अकरा शनिवार असे घालवले होते आणि बाराव्या शनिवारी तिला कळलं की ते घर आधीच विकलं गेलंय. दुसरी कुणी असती तर रडली असती. हिनं पान काढलं. आता घरासमोर उभं राहून 'हे घर' हे बटण दाबायचं, की सगळ्या कचेऱ्यांतली माहिती एकाखाली एक समोर येते, शिवाय मोजणीदारानं स्वतः जाऊन पाहिलेल्या भिंती रंगांसकट. कोरडी भिंत हिरवी, ओली भिंत तांबडी, न पाहिलेली करडी. आत्यांना भाचीच्या या करामतीचं इतकं कौतुक होतं की दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं ठेवून बसल्या असतानाही त्यांनी त्याला पानाची माहिती द्यायचा प्रयत्न केला होता.

वहीवाल्या बाईंच्या मागं त्यांचे यजमान उभे होते. ते बस चालवायचे आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. बोलायचं काम त्यांनी बायकोवर सोपवलं होतं, आणि ते योग्यच होतं. बाईंनी सांगितलं की घर घ्यायचं ठरल्यापासून त्या प्रत्येक घराचं पान वाचतात आणि त्यातलं महत्त्वाचं हातानं वहीत उतरवून घेतात. सोमवारी दोघांनी गच्चीवर निळी टाकी असलेलं एक घर बाहेरून पाहिलं. पानावर लिहिलं होतं, पश्चिमेची भिंत ओली. काल गुरुवारी एजंटनं तेच घर आतून दाखवलं, तेव्हा पानावर पश्चिमेची भिंत कोरडी होती. खाली मंगळवारची तारीख आणि फोटोसुद्धा. उद्या दुपारी बारा वाजता कागदावर सह्या व्हायच्या होत्या.

"मी वाचून लिहिते आणि लिहिलेलं परत वाचते," बाई म्हणाल्या. "एका दिवसात भिंत वाळत नाही."

भाचीनं प्रोग्रामरला हाक मारली. त्यानं त्या घराचं पान उघडलं, पानाचा सगळा इतिहास खालपर्यंत पाहिला आणि मान वर केली. या पानावर ओल कधी नोंदलीच गेली नव्हती.

२

याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर बाईंचा घोटाळा झाला होता, नाही तर कुणीतरी पानाला हात लावला होता.

पहिला अर्थ सोयीचा होता आणि प्रोग्रामरनं तो लगेच पकडला. त्यानं वही फोनशेजारी ठेवून दाखवली. वहीत सोमवारच्या तारखेखाली लिहिलं होतं: पाणी सकाळी सहा. पानावर होतं: पाणी संध्याकाळी पाच. "बघा, पाण्याचंही चुकलंय. बाईंनी दुसऱ्याच कुठल्या तरी घराचं उतरवून घेतलं असणार."

"त्या दिवशी दुसरं घर पाहिलंच नाही," यजमान पहिल्यांदा बोलले. "डेपोतून निघालो, ते घर पाहिलं आणि परत डेपोत. निळी टाकी त्या भागात एकच आहे."

आत्यांनी वही जवळ ओढली. अक्षर गोल आणि सुटं होतं, खाडाखोड नव्हती. प्रत्येक घराला एक पान, वर तारीख, खाली भिंती, पाणी, शेजारी कुत्रा आहे का नाही. सूचीच्या कामात त्यांनी असं अक्षर फार कमी पाहिलं होतं आणि अशी शिस्त तर त्याहून कमी. ही बाई चुकली असेल हे त्यांच्या मनाला पटेना.

मग उरला दुसरा अर्थ. तो सांगताना प्रोग्रामरच्या जिवावर आलं. भिंतीची नोंद फक्त मोजणीदाराच्या हातातल्या यंत्रातून होते. पाठवलेली नोंद महिनाभर कच्ची असते. ती पानावर दिसते, पण इतिहासात जात नाही. त्या महिन्यात मोजणीदारानं ती बदलली तर मागमूस राहत नाही. म्हणजे आधी ओल लिहायची, मग मंगळवारी ती पुसून कोरडा फोटो चढवायचा, हे जगात एकाच माणसाला जमण्यासारखं होतं.

त्या माणसाला ऑफिसात 'फूटपट्टी' म्हणत. तो नाकासमोर चालणारा, साठीला आलेला मोजणीदार होता. लाकडाची एक बारा इंची पट्टी त्याच्या खिशात कायम असायची आणि भिंतीचा फोटो काढताना ती तो भिंतीला टेकवून ठेवायचा, म्हणजे पाहणाऱ्याला माप कळावं. दोन वर्षांपूर्वी या ऑफिसच्याच जिन्यात ती हातातून सुटली आणि तिचा एक कोपरा उडाला. तेव्हापासून सगळे त्याला नवी पट्टी घ्या म्हणून छळत, आणि तो म्हणायचा की इंच सगळे शाबूत आहेत. 'पुढची भिंत', 'मागची भिंत' असं तो कधी लिहायचा नाही. लोक दारं बदलतात, दिशा बदलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तीन हजारांवर घरांच्या भिंती त्याच्या शब्दावर हिरव्या-तांबड्या झाल्या होत्या.

त्याला बोलावलं. भाचीनं फोटो दाखवला आणि निळ्या टाकीच्या घराबद्दल विचारलं.

"ओल आहे त्या भिंतीला," तो म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः पाहिली. तांबडी लिहिली."

"मग हा फोटो कुणाचा?"

त्यानं चष्मा वर केला आणि फोटो बराच वेळ पाहिला. "माझा. पट्टी माझी, ठेवायची पद्धत माझी. फोटो माझाच आहे."

दुसरा एखादा माणूस असता तर निदान ओरडला असता, शपथा घेतल्या असत्या. हा चष्मा पुसून परत फोटोकडे बघू लागला. भाचीचे डोळे भरून आले, कारण पहिल्या घरापासून तो तिच्याबरोबर होता. पण जे सांगावं लागणार होतं ते तिनं सांगितलं. संध्याकाळी पाचपर्यंत उलगडा झाला नाही तर फूटपट्टीनं पाहिलेल्या सगळ्या घरांवर 'संशयास्पद' असा शिक्का बसेल. लोक पानावर विसंबून घरं घेतात, तिथं माणूस पाहून गय करता येणार नाही.

फूटपट्टीनं यंत्र आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. पट्टी मात्र परत खिशात घातली. "ही माझी स्वतःची आहे," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

३

आत्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. फोटो मोठा करून समोर ठेवला आणि सूचीतलं हरवलेलं पुस्तक शोधताना बसायच्या तशा बसल्या.

फोटोत पांढरी, कोरडी भिंत होती. वरच्या बाजूला एक खिळा. खिडकी नाही, दार नाही. भिंतीच्या पायथ्याशी पट्टी टेकवलेली. पट्टीचे चारही कोपरे दिसत होते.

चारही.

आत्यांनी प्रोग्रामरला बोलावलं आणि काही न सांगता पट्टीवर बोट ठेवलं. तो हुशार मुलगा होता, त्याला दोन क्षणांत कळलं. कोपरा उडाला त्याला दोन वर्षं झाली. ज्या पट्टीचा कोपरा शाबूत आहे तिचा फोटो परवाच्या मंगळवारी निघालेला असूच शकत नाही. मग पानावर मंगळवारची तारीख का, असं आत्यांनी विचारलं. तेव्हा त्यानं जरा ओशाळून कबूल केलं की जुने फोटो नव्या सर्व्हरवर आणताना त्यांच्या तारखा गळून गेल्या होत्या. फोटोखाली दिसते ती फक्त शेवटच्या खातरजमेची तारीख.

"आणि खातरजमा कोण करतं?"

मोजणीदार करतो किंवा मालक करतो. चार वर्षांनी माहिती जुनी होते आणि तिचा रंग उडतो. तेव्हा पान मालकाला विचारतं, भिंतीत काही बदल आहे का. मालकानं 'बदल नाही' दाबलं की रंग आणखी वर्षभर टिकतो. मंगळवारी नक्की कुणी दाबलं ते शोधायला जुन्या नोंदी उकराव्या लागतील, त्याला दोन तास लागतील असं तो म्हणाला. आत्यांनी त्याला दोन तास दिले.

"पण आत्या, यानं फूटपट्टी सुटत नाहीत," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते सांगणं नकोसं वाटत होतं. "फोटो जुना असेल. पण ओलीची कच्ची नोंद पुसली की खालची जुनी कोरडी नोंद आपोआप वर येते. पुसायचं काम तर तेच करू शकतात."

हे खरं होतं. आत्यांनी वही पुन्हा उघडली आणि या वेळी भिंत सोडून पाण्यावर बोट ठेवलं.

"पाणी कधी येतं हे पानावर कोण भरतं?"

"कुणीच नाही. पाणीखात्याकडून थेट येतं."

"फूटपट्टीला ते बदलता येतं?"

"मलासुद्धा नाही येत."

"मग सांग. भिंत त्यांनी पुसली असं धरू. पाणी सकाळचं संध्याकाळी कुणी नेलं?"

दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि दोन्ही बदलू शकेल असा माणूस जगात नव्हता. वहीवाल्या बाईंची चूक म्हणून प्रोग्रामरनं जी ओळ दाखवली होती, तीच आता त्याच्यावर उलटली.

एजंटला फोन लावला तर त्यानं आधी कानांवर हात ठेवले. गिऱ्हाइकानं पान दाखवा म्हटलं, मी दाखवलं, असं तो म्हणाला. मग आत्यांचा आवाज वयस्कर आणि सौम्य आहे हे ओळखून जरा मोकळा झाला. घरमालक भला माणूस आहे, मोठमोठ्या घरांचे पडदे शिवतो, फक्त त्याची एक अट आहे. गिऱ्हाइकांना आणायचं ते मोठ्या रस्त्यानंच आणायचं. मागच्या गल्लीत कचरा असतो, घराची पहिली छाप वाईट पडते, असं मालकाचं म्हणणं.

आत्यांनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

४

पडदेवाले दारात हसतमुख उभे होते. मोठ्या रस्त्याकडे, म्हणजे पूर्वेला, घराचं दार होतं. आत शिरल्याबरोबर आत्यांना घर आवडलं, आणि ते त्यांनी सांगितलंही. उंच छत, लख्ख फरशी, आणि दिवाणखाना असा लांबलचक की पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसाला हाक मारावी लागेल. मधोमध छताला एक दांडी होती आणि तिच्यावरून भिंतीएवढा जाड, गर्द हिरवा पडदा दोन्ही बाजूंना सारून ठेवला होता. शिवण इतकी सुबक होती की आत्या दोन मिनिटं पडदाच पाहत राहिल्या. दुसऱ्याचं चांगलं काम दिसलं की त्यांना पुढचं सुचत नसे.

पडदेवाल्यांनी सांगितलं की हा पडदा त्यांनी स्वतः घरासाठी शिवला. पाहुणे आले की ओढून घ्यायचा, दोन खोल्या होतात.

"पश्चिमेची भिंत बघू का?" आत्यांनी विचारलं.

ती पार पलीकडच्या टोकाला होती. तिला नुकताच रंग दिलेला होता आणि त्याचा वास येत होता. भिंतीत एक बंद दार आणि एक खिडकी होती, खिडकीतून मागची गल्ली दिसत होती. आत्यांना फोटोतली भिंत आठवली. तिला खिडकी नव्हती.

खिडकी कधी बसवली, असं त्यांनी सहज विचारलं. पडदेवाले म्हणाले की खिडकी पहिल्यापासून आहे. एवढं एक उत्तर त्यांनी विचार न करता दिलं, आणि तेच अगदी खरं होतं.

आत्या परत फिरल्या. पडद्याच्या दांडीखाली एक लांबट सतरंजी आडवी अंथरली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिच्या कडेला पाय अडखळल्यासारखं करून आत्यांनी सतरंजीचा कोपरा उलटला. खाली फरशीचा एक पट्टा होता, जेमतेम वीतभर रुंद. बाकीची फरशी पिवळसर होती, हा पट्टा नवा आणि पांढरा.

"जपून," पडदेवाले म्हणाले आणि सतरंजी सरळ केली. त्यांचं हसू तसंच होतं, फक्त आता ते ओठांपुरतं उरलं होतं.

तेवढ्यात आत्यांचा फोन वाजला. प्रोग्रामर होता. मंगळवारी सकाळी 'बदल नाही' दाबलं होतं ते घराच्या मालकानं.

आत्यांनी पाणी मागितलं, पाणी प्यायल्या, आभार मानले. मग मोठ्या रस्त्यानं परत न जाता त्या घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेल्या.

५

गल्लीत कचरा नव्हता. एका भिंतीला सायकल टेकवलेली होती आणि पलीकडं बसडेपोचं मागचं फाटक होतं. डेपोतून पायी निघालेला माणूस या घराशी याच बाजूनं येणार, हे आत्यांच्या लक्षात आलं. वर निळी टाकी दिसत होती. गल्लीकडेही एक दार होतं, बंद.

आत्यांनी फोन समोर धरला आणि 'हे घर' दाबलं.

पान उघडलं. घर क्रमांक वेगळा होता. मालक तोच, पडदेवाले. पाणी सकाळी सहा. पश्चिमेची भिंत तांबडी, ओली, तीन आठवड्यांपूर्वी पाहिलेली, आणि फोटोत खिडकीखाली कोपरा उडालेली पट्टी. त्याखाली आणखी एक ओळ होती: पूर्वेची भिंत करडी, पडदा आणि कपाटं हलवून दिली नाहीत, पाहता आली नाही, पुन्हा जाणे.

आत्यांचा जीव भांड्यात पडला. वहीवाली चुकली नव्हती आणि फूटपट्टी खोटं बोलला नव्हता. कुणी काही पुसलंच नव्हतं. एकाच घराला दोन पानं होती.

मग त्यांच्या मनात जो प्रश्न यायला हवा तोच आला. दोन दप्तरांतली घरं एक की वेगळी हे तपासायचं काम या ऑफिसात होतं. शेजारशेजारच्या घरांबद्दल, आणि दोन्हींचा मालक एक झाला की हमखास, पान आपणहून विचारायचं, ही आता एक झाली का. मग या वेळी विचारलं का नाही? त्या पान खाली सरकवत तळाशी गेल्या.

तिथं चार वर्षांपूर्वीची ओळ होती. जुळवणी: दोन वेगळी घरं. पुन्हा विचारू नये.

आणि त्यापुढं ठरवणाऱ्याचं नाव होतं. आत्या.

६

साडेचारला सगळे ऑफिसात जमले. वहीवाल्या बाई आणि त्यांचे यजमान, प्रोग्रामर, भाची, आणि दोनदा निरोप धाडल्यावर आलेला फूटपट्टी. तो खुर्चीवर न बसता दाराशीच उभा राहिला.

आत्यांनी कागदावर एक लांबट चौकोन काढला आणि मधे आडवी रेघ मारली. चार वर्षांपूर्वी इथं पाठीला पाठ लावून दोन घरं होती, त्यांनी सांगितलं. एकाचं दार मोठ्या रस्त्याला, दुसऱ्याचं गल्लीला, आणि मधे ही एकच भिंत. फूटपट्टीनं तेव्हा पुढचं घर मोजलं. पुढच्या घराची पश्चिमेची भिंत म्हणजे ही मधली. ती कोरडी होती, कारण तिच्या दोन्ही बाजूंना घरच होतं. तोच आजचा फोटो. पट्टीचे चारही कोपरे त्यात शाबूत आहेत.

"दोन वर्षांपूर्वी पडदेवाल्यांनी मागचं घर विकत घेतलं आणि कुणाला न सांगता मधली भिंत पाडली. त्या जागी आता पडदा आहे आणि खाली वीतभर पांढरी फरशी. घर एक झालं, पानं दोनच राहिली. मालक बदलल्याची नोंद कचेरीतून उशिरा, तीन आठवड्यांपूर्वी आपल्याकडे आली, म्हणून मागचं पान तपासणीला आलं. फूटपट्टी गल्लीतून गेले तेव्हा पडदा ओढलेला होता आणि पुढं कपाटं होती. त्यांनी खरी पश्चिमेची भिंत पाहिली, ओली लिहिली, आणि जे पाहू दिलं नाही तेही लिहिलं."

"म्हणून मालक आम्हाला पुढून आणत होता," यजमान म्हणाले. सोमवारी ते डेपोच्या बाजूनं, आपले आपण गेले होते म्हणून त्यांना मागचं पान दिसलं होतं.

"हो. आणि मंगळवारी पुढच्या पानानं विचारलं, पश्चिमेच्या भिंतीत काही बदल आहे का. त्यांनी दाबलं, बदल नाही. तुम्हाला हिरवी दिसली ती भिंत कोरडीच होती, बाई. फक्त ती आता उभी नाही."

वहीवाल्या बाईंनी कागद स्वतःकडे वळवून घेतला, चौकोन नीट पाहिला आणि वहीत उतरवून घेऊ लागल्या.

"एवढं सगळं पाण्यामुळे सापडलं," आत्या त्यांना म्हणाल्या. "दोन रस्त्यांना पाण्याच्या वेळा वेगळ्या आहेत. ज्याला आम्ही तुमची चूक म्हणालो ती एक ओळ तुम्ही लिहिली नसती तर आज एका सज्जन माणसाला आम्ही खोटं ठरवलं असतं."

भाचीनं सुस्कारा सोडला आणि म्हणाली की दोषी सापडला, बरं झालं. तेव्हा आत्या उठून उभ्या राहिल्या. बोलायचं त्यांनी मनात जुळवून आणलेलं होतं.

"एक राहिलं. ही दोन पानं पडदेवाल्यांनी वेगळी ठेवली नाहीत. ती मी ठेवली. चार वर्षांपूर्वी ती वेगळी होती, मी बरोबर लिहिलं. पण पान मला दर थोड्या दिवसांनी परत विचारायचं आणि मला राग यायचा. मी एकदा विचार करून सांगितलं की सांगितलं, असं म्हणून मीच आपल्या प्रोग्रामरशी भांडून ते 'पुन्हा विचारू नये' बटण करायला लावलं. पुस्तकं एकदा लावली की जागेवर राहतात. घरं राहत नाहीत, हे मला सुचलं नाही. माझ्या हट्टापायी यांना आज जिना उतरावा लागला."

असं म्हणून त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यांदेखत हात जोडले. आत्यांना कुणापुढं हात जोडताना ऑफिसनं पाहिलं नव्हतं. फूटपट्टी गोंधळून गेला. तो पुढं आला आणि म्हणाला, "अहो, असं नका करू. तीन हजार घरांत दोन पानांचं एक निघालं. मी तर माझाच फोटो ओळखला आणि पट्टी बघितली नाही."

भाचीनं ओळखपत्र उचललं आणि स्वतः त्याच्या खिशाला लावलं. प्रोग्रामर तेव्हाच यंत्रापुढं बसला होता. सहा वाजायच्या आत त्यानं ते बटण काढून टाकलं आणि प्रत्येक खातरजमेशेजारी ती कुणी केली ते दिसेल असं केलं. पडदेवाल्यांना भाचीनं फोन केला. त्यांनी थंडपणे सांगितलं की पानानं भिंतीत बदल विचारला होता आणि त्या भिंतीत खरंच काही बदल नव्हता. वेळ मारून नेण्यात त्यांचा हातखंडा होता, हे आत्यांनीही मान्य केलं.

उद्याच्या सह्यांचं काय, असं भाचीनं वहीवाल्या बाईंना विचारलं. उद्या सह्या होणार नाहीत, त्या म्हणाल्या. पण घर त्यांना आवडलं होतं, आणि त्यांना ते नाकारायचंही नव्हतं. भिंत पाडल्याची परवानगी मालकानं आधी काढावी, ओल नीट काढून घ्यावी, मग बघू. "ओलीचं घर घेईन मी," त्या म्हणाल्या. "लपवलेल्या ओलीचं नाही घेणार."

जाताना त्यांनी फूटपट्टीसमोर वही उघडून धरली आणि विचारलं, भिंतीला पुढची-मागची म्हणायचं नाही हे मला आधी कुणी का नाही सांगितलं. तो इतका खूश झाला की त्यांना दिशा कशा लिहायच्या ते समजावत थेट जिन्यापर्यंत गेला.

शनिवारी सकाळी त्याची राहिलेली फेरी होती. 'पुन्हा जाणे' असं त्यानं लिहिलं होतं, म्हणजे जाणं आलंच. या वेळी पडदेवाल्यांनी पडदाही सारला आणि सतरंजीही उचलली. अकरा वाजता ऑफिसात पान उघडलं तेव्हा दोन्ही क्रमांकांचं मिळून एकच पान झालं होतं. तळाशी आत्यांनी स्वतः टाकलेली ओळ होती: आधी वेगळी ठरवली, ती माझी चूक, आत्या. वरती भिंती होत्या. पश्चिमेची भिंत ओली, तांबडी. मधली भिंत नाही, पाडलेली.

शेजारी फोटो होता, पांढऱ्या फरशीच्या त्या पट्ट्याचा. ऑफिसातल्या मंडळींनी आदल्या संध्याकाळी वर्गणी काढून फूटपट्टीला नवी कोरी पट्टी आणून दिली होती, आणि त्यानं ती आभार मानून घरी ठेवून दिली होती. फोटोत जुनीच होती. नेहमी तो कोपरा उडालेली बाजू खाली करून ठेवायचा, म्हणजे चटकन नजरेत येऊ नये. आज ती त्यानं कॅमेऱ्याकडे वळवून ठेवली होती.